पहिलं पाणी

१६ जानेवारी

आई,

कडूदाणा भिजवलेलं पाणी का फेकून द्यायचं? परवा एका बाईने मला हे विचारलं.

विचारणारी सूतगिरणीच्या स्वयंपाकघरातली मुख्य स्वयंपाकीण. डाव्या हाताने पळी चालवते म्हणून सगळ्या तिला डावरी मावशी म्हणतात. पहिल्या पाळीच्या बायका दुपारी जेवतात ते तिच्या हातचं. आमच्या पीक संशोधन केंद्राने ठरवलं आहे की विसरलेली पिकं नुसती शेतात लावून भागणार नाही, ती कुणाच्या तरी ताटात गेली पाहिजेत. म्हणून दर बुधवारी तिथे कडूदाणा शिजणार. मी पत्रकं वाटली, फळ्यावर आकडे लिहिले, आणि ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझी आजी करायची हा दाणा. पण पाणी फेकायची हो, बादल्याच्या बादल्या. ते का?"

मी म्हटलं, "जुनी सवय, मावशी. पाण्यात सत्त्व उतरतं. पाणी फेकलं की सत्त्व गेलं. पत्रकात आहे तसं करा. एक रात्र भिजवा, त्याच पाण्यात शिजवा, थेंब वाया घालवू नका."

"ते कळलं. पण ती का फेकायची?"

"तेव्हाच्या लोकांना सत्त्वबित्त्व कुठे ठाऊक होतं?"

ती गप्प झाली. तू झाली होतीस तशीच.

आई, तू दादाकडे का राहिली आहेस ते मला माहीत आहे. 'तिकडे मदत लागते' हे शेजाऱ्यांना सांगायला ठीक आहे. केंद्राचे साहेब बियाणं न्यायला आपल्या घरी आले, तू दाण्याच्या पाण्याचं भांडं मोरीत ओतत होतीस, आणि मी हसून म्हटलं, "आईच्या अडाणी समजुती आहेत, साहेब." तू हात पुसलेस आणि आत गेलीस. शब्द चुकला असेल. मुद्दा चुकला नव्हता, असं मला अजूनही वाटतं.

पण तुझ्या बरणीतल्या चार मुठी बियाण्याचं काय झालंय ते तरी ऐक. तीन वर्षांत त्यातून शेताचे अकरा तुकडे उभे राहिलेत. केंद्रामागच्या उतारावर पाऊलभर मातीसुद्धा नाही, नुसता मुरूम. तिथे हे पीक पावसाच्या दोन सरींवर उभं राहिलं, खताची चिमूट न घालता. उलट मुळांवरच्या गाठींनी जमीनच सुधारली. मागच्या वर्षी त्याच जागेवर धान्य पेरलं तर शेजारच्या तुकड्यापेक्षा वीतभर उंच. शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण नको. बाकी सगळं वाळलेलं असतं तेव्हा याला फुलं येतात आणि मधमाश्या इथेच तळ ठोकतात. आणि दाण्यातली ताकद? डाळींना मागे टाकेल अशी. साहेब म्हणतात, सगळं जग तीन-चार धान्यांवर बसलंय, खुर्चीचा एक पाय मोडला की आदळलंच. आपण आणखी पाय लावतोय.

काल, बुधवारी, तो पहिल्यांदा शिजला आणि मी सगळ्यांसमोर पहिला घास खाल्ला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

जूनमध्ये माझी नोकरी कायम होईल. घरातली पहिली पदवीधर आणि पहिली कायम नोकरीवालीही.

वहिनी, हे पत्र तू आईला वाचून दाखवशील. 'अडाणी'वाली ओळ गाळू नकोस. ती ऐकवायची म्हणूनच लिहिली आहे.

तुझी,
धाकटी


२५ जानेवारी

आई,

वहिनीचं कार्ड मिळालं. दोनच ओळी: 'आई बरी आहे. पत्र दोनदा वाचून घेतलं. काही बोलली नाही.' दोनदा कशासाठी घेतलं वाचून, ते वहिनीने लिहिलं नाही.

इथे सगळं ठीक आहे. थंडी ओसरली. खोलीच्या खिडकीची काच मालकाने एकदाची बसवली.

सहज विचारते. तू दाणा भिजवायचीस तेव्हा नक्की किती दिवस? मला चार-पाच दिवस आठवतात, पण मी शाळेत असायचे. आणि शिजवताना पाणी वेगळं घ्यायचीस का? घाई नाही. म्हणजे, तशी आहे. वहिनीला लगेच कार्ड टाकायला सांगशील?

डावरी मावशीला जरा बरं नाही. तिला भेटायला जाणार आहे.

तुझी,
धाकटी


३० जानेवारी

आई,

मागचं पत्र विसर. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरंही काही नव्हतं. वहिनी, आईला बसवून वाच. दादा घरी असेल तर त्यालाही ऐकू दे.

बावीस तारखेला, बुधवारी, गिरणीत दुसऱ्यांदा दाणा शिजला. पहिल्या वेळी मी चव पाहण्यापुरताच करायला लावला होता, वाटीभर. या वेळी पूर्ण ताट. दोनच्या सुमाराला बायकांच्या तोंडाला कोरड पडली. पाणी पिऊन पिऊन जाईना. कुणाला सुताचा धागा दोन-दोन दिसायला लागला. एक जण यंत्राशेजारीच खाली बसली. मुकादम आधी म्हणाला की कामचुकारपणा चाललाय, मग त्यालाच भोवळ आली. तोही तिथेच जेवला होता. अडतीस माणसं. यंत्र चालू असताना एखादीचा हात गेला असता तर, हा विचार मी रोज करते.

सदतीस जण दुसऱ्या दिवसापर्यंत सावरले. डावरी मावशी सावरली नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती पातेल्याच्या तळाचा दाट रस्सा स्वतः घेते. त्या दिवशी दोन वाट्या प्यायली, कारण पत्रकात लिहिलं होतं की खरी ताकद रश्शात असते. ते वाक्य माझं आहे, आई.

मी दवाखान्यात गेले तेव्हा ती भिंतीशी बोलत होती. तिच्या मेलेल्या बहिणीला जेवायला बसवत होती. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या की डोळे काळेच दिसत होते. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठ्या. त्यांनी मला बाहेर नेलं.

"हा दाणा तुम्ही दिलात?"

"हो. पण तो पौष्टिक आहे. मी अभ्यास—"

"अभ्यास नंतर सांगा. कडू असतो का?"

"हो."

"कडू काढायला काय करतात?"

त्या लिहायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी मावशीलाच विचारलं. मावशी त्या वेळी जरा शुद्धीवर होती. तिने डॉक्टरीणबाईंना नाही, मला सांगितलं. आवाजावरून ओळखलं असावं. म्हणाली, "बाई, एक थेंब सांडू दिला नाही हं."

मी घरी आले आणि पुस्तक काढलं. ज्या पुस्तकातले आकडे मी पत्रकात उतरवले होते, त्या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. हे सगळे आकडे गोड्या वाणाचे आहेत. परदेशात निवड करून करून कडवटपणा काढून टाकलेला वाण. त्याला धुवावं लागत नाही. त्याचं पाणी प्यायलं तरी चालतं. आपलं बियाणं तुझ्या बरणीतलं, जुनं, कडू. मी तीन वर्षं दोन्हींना एकच समजत होते, कारण चित्रात फूल सारखं दिसत होतं.

मावशी आता घरी आहे. जवळचं अजून धूसर दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, उतरेल हळूहळू.

आई, रागाव, पण उत्तर पाठव. दाण्याला अजून कुणी हात लावण्याआधी मला नीट माहीत हवं.

धाकटी


७ फेब्रुवारी

आई,

तुझं पत्र आलं. वहिनीने तू बोललीस तसंच उतरवलंय, मध्ये तू तिला 'हळू लिही गं, मी काय पळतेय का?' म्हणालीस तेसुद्धा. मी ते वाचून हसले.

पाच दिवस. रोज सकाळी आणि संध्याकाळी पाणी बदलायचं. जवळ वाहतं पाणी असेल तर पोत्यात बांधून तिथे सोडायचं. आधी एकदा उकळून ते पाणीही टाकायचं, मगच भिजत घालायचं. रोज एक दाणा चावायचा आणि थुंकायचा. जिभेला कडू लागेनासं झालं की झालं. हे सगळं मी पाहिलंय. माझ्या डोळ्यांसमोर झालंय. पण पुढची ओळ मला माहीत नव्हती.

'पहिलं पाणी गुरांच्या अंगाला चोळायचं, गोचिडी मरतात. जे गोचिडीला मारतं ते लेकराला कसं द्यायचं?'

गोठ्याकडे जाणारी ती बादली मी लहानपणभर पाहिली. एकदा तर मीच उचलून नेली होती आणि फ्रॉकवर सांडली म्हणून तू दोन धपाटे घातले होतेस. मला वाटलं फ्रॉकसाठी. तू कधी कारण सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही, आणि पुढे शिकले तेव्हा ज्याचं कारण सांगता येत नाही ते अडाणी असं धरून चालले.

पुढे तू लिहिलंस, 'मला साहेबासमोर सांगता आलं नाही. तू हसलीस, मग माझीच जीभ चालेना.' यावर मी काय लिहू? माफ कर लिहिलं तर तू म्हणशील, पुरे झालं. तरी लिहिते. माफ कर.

आता ऐक, इथे काय चाललंय. आजारपणाची चौकशी वरच्या कार्यालयात सुरू झाली आहे. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, चहा मागवला. ते वाईट माणूस नाहीत. मला उतारावरचा पहिला तुकडा त्यांनीच मिळवून दिला होता.

"जबाब तयार केलाय, वाचून घे."

वाचला. 'स्वयंपाकिणीने दिलेल्या सूचनांचे पालन केले नाही. स्थानिक बियाण्यात भेसळ असण्याची शक्यता आहे.' खाली माझं नाव, सहीसाठी जागा.

"साहेब, तिने पालन केलं. अक्षर न् अक्षर. म्हणून तर आजारी पडली."

"अगं, पत्रकावर केंद्राचं नाव आहे. तुझं नाही. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

"आणि बियाणं? ते माझ्या आईचं आहे. त्यात भेसळ नाही."

"बियाण्याला काय अब्रू असते का? अकराही तुकडे उपटून टाकू, प्रकरण मिटेल. दोन वर्षांनी दुसरं पीक घेऊ. यादीत वीस आहेत."

"मावशीचं काय?"

त्यांनी चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती. "तिला गिरणीने तसंही बसवलंच आहे घरी. एक बाई स्वयंपाकात चुकली, लोक आठवड्यात विसरतात. एक केंद्र चुकलं तर कोण विसरतं?"

मी आठ दिवस मागून घेतले. सहीला. साहेब म्हणाले, "घे. शहाणी आहेस."

आई, आणखी एक गोष्ट तुला लिहायची राहिली आहे. पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, मी सगळ्यांसमोर पहिला घास खाल्ला? खाल्ला नाही. तोंडात घेतला, हसले, टाळ्या घेतल्या. मग फळा पुसायचं फडकं धुण्याचं निमित्त करून बेसिनपाशी गेले आणि थुंकला. इतका कडू होता. मला वाटलं, माझीच जीभ लाडावलेली आहे, बायकांना सवय होईल. माझ्या जिभेने सांगितलेलं मी बेसिनमध्ये धुऊन टाकलं आणि त्यांना म्हटलं, कडवटपणा हाच याचा गुण.

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

धाकटी


१२ फेब्रुवारी

आई,

काल मावशीकडे गेले. गिरणीच्या मागच्या गल्लीत एक खोली, दाराशी पाण्याचं पिंप, आत लख्ख घासलेली भांडी. तिची सून कामावर गेली होती. मावशी तांदूळ निवडत होती, बोटांनी, डोळे मिटून.

"डोळे उघडे ठेवले की खडा आणि दाणा एकच दिसतो," ती म्हणाली. "मिटले की बरं. बस ना, उभी का?"

मी विचारलं, गिरणीतून काही निरोप आला का?

"आला की. नवी ठेवली आहे. उजवी." ती स्वतःच हसली. "तिला म्हणावं, मोठ्या पातेल्याचा डावा कान हलतो, सांभाळ. एकवीस वर्षं तो कान माझ्याच हाताला सवयीचा."

"मावशी, तुमचं काही चुकलं नव्हतं."

"चुकलं असेल गं. छापलेलं कसं चुकेल? मी जास्त वेळ शिजवलं असेल. नाहीतर पातेल्याला कल्हई नव्हती, त्याने असेल. मी रोज आठवते काय केलं होतं, आणि सापडत नाही." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस. एवढी शिकलेली पोर, आमच्यासाठी येतेस. तुझी नोकरी जायला नको माझ्यापायी."

आई, ती माझी समजूत काढत होती.

मी तिला तिथेच सांगितलं. तक्त्याखालची ओळ, गोडा वाण, गोचिडी, बेसिन, सगळं. ती ऐकत राहिली. तांदूळ निवडणारी बोटं थांबली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिने विचारलं, "म्हणजे माझी आजी बरोबर होती?"

"हो."

"आणि मी तिला सोडून कागदाचं ऐकलं."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी निघाले तेव्हा 'ये' म्हणाली नाही. बरोबरच आहे तिचं.

तिथून उतारावर गेले. पीक फुलावर आहे. एका तुकड्याचा राखणदार म्हातारा आहे, आधी हसायचा मला, 'दगडात काय पेरता बाई' म्हणून. आता म्हणतो, ही झाडं उपटायला आले तर मी आडवा पडेन, या मुरमात इतक्या वर्षांत दुसरं काही उगवलेलं पाहिलं नाही. मी त्याला म्हटलं, उगवतं ते खरं, पण खायचं कसं ते आम्ही अर्धंच आणलं. बी आणलं, आणि ते धुणारे हात अडाणी म्हणून मागे ठेवले. अर्धं पीक तिथेच राहिलं.

पाच दिवस पाणी बदलायला वेळ कुणाला आहे, हा प्रश्न खरा आहे. मावशीसारखीला तर नाहीच. एका जागी, वाहत्या पाण्यावर, सगळ्यांचा मिळून धुता येईल का, हे मी कागदावर मांडून बघतेय. पण त्यासाठी आधी झाडं राहिली पाहिजेत. आणि त्याहून आधी त्या बाईच्या डोक्यातलं 'मी काय चुकले' हे पुसलं पाहिजे. ते एका खोलीत, दार लावून सांगून पुसलं जाणार नाही. ज्यांनी तिच्या हातचं खाल्लं त्या सगळ्यांनी ऐकलं पाहिजे.

आठ दिवसांतले पाच गेले.

धाकटी


१६ फेब्रुवारी

आई, दादा, वहिनी,

तुम्ही 'विचार करून पाऊल टाक' असं लिहाल म्हणून हे पत्र आज लिहितेय. परवा लिहिलं नाही. पाऊल टाकून झालं आहे.

काल दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी गिरणीत गेले. मावशीला तिची सून घेऊन आली होती. ती येईल अशी मला खात्री नव्हती. बाकांवर बायका बसल्या होत्या, डबे उघडे. स्वयंपाकघराचं अन्न आता फारसं कुणी खात नाही. मी बाकावर उभी राहिले आणि माझा जबाब वाचला. साहेबांनी लिहिलेला बाजूला ठेवला होता. पत्रक मी लिहिलं, चूक काय केली, कोणतं वाक्य माझं, मावशीने कसं तंतोतंत तसंच केलं. आणि घास थुंकल्याचंही. मागच्या बाकांना ते ऐकू गेलं नाही, दोनदा वाचावं लागलं.

मागून एक जण ओरडली, "आम्ही काय उंदीर आहोत का, आधी आम्हाला खाऊ घालून बघायला?"

दुसरी म्हणाली, "शिकलेली म्हणून ऐकलं. पुढच्या वेळी एखाद्या म्हातारीलाच विचारू."

मी म्हटलं, "विचारा. मीही तेच करणार आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुकादम मावशीकडे बघत होता. तो उठला, तिच्यासाठी बाकावर जागा केली आणि म्हणाला, "बस गं डावरे. नव्या बाईचं कालवण म्हणजे नुसतं गरम पाणी." ती बसली. तिला परत घेतील की नाही हे अजून कुणी सांगत नाही. गिरणीचे व्यवस्थापक म्हणाले, 'बघू'. तुकडे उपटायच्या हुकमाबद्दलही कुणी काही सांगत नाही. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. त्यांनी मात्र जबाबाची एक प्रत मागून घेतली आणि आई, तुझ्या पाच दिवसांच्या कृतीवर तीनदा प्रश्न विचारले.

तिथून मी वरच्या कार्यालयात गेले. बरोबर जबाब, त्याला जोडलेला माझ्या हस्ताक्षरातला पत्रकाचा पहिला मसुदा, आणि तुझ्या तोंडची कृती, तुझं नाव घालून. खिडकीमागच्या कारकुनाने वरची ओळ वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे तुमच्याच विरुद्ध आहे."

"हो."

"तुमचे साहेब सकाळी फोन करून सांगत होते की दुसरा जबाब येणार आहे." त्याने आवाज खाली आणला. "अजून नोंद केली नाही मी. घेऊन जा. घरी विचारा, सोमवारी या. नोकरी जाईल हो."

"नोंद करा," मी म्हटलं.

त्याने वहीत क्रमांक लिहिला, कागदावर शिक्का मारला आणि कागद मागच्या ट्रेमध्ये टाकला.